फोन आपण लावला, तर विचारायचंही आपणच

डॉक्टरांनी फोनवरून तपासायला रुग्णाची परवानगी आहे की नाही, हे ठरवताना आधी एकच गोष्ट बघायची असते. फोन कुणी लावला? रुग्णाने स्वतःहून डॉक्टरांना फोन किंवा व्हिडिओ कॉल केला, तर त्याची संमती आहे असंच धरतात. पण फोन दवाखान्यातून गेला, आरोग्य कर्मचाऱ्याने जोडून दिला किंवा घरातल्या माणसाने रुग्णाच्या वतीने लावला, तर रुग्णाला स्पष्ट विचारावं लागतं आणि त्याचं उत्तर नोंदवून ठेवावं लागतं. टेलिमेडिसिनच्या, म्हणजे दूरवरून होणाऱ्या तपासणीच्या, ज्या मार्गदर्शक तत्त्वांमध्ये हे लिहिलेलं आहे ती २५ मार्च २०२० ची, म्हणजे देशभर टाळेबंदी सुरू झाली त्याच दिवसाची. डॉक्टरांच्या वर्तणुकीचे जे २००२ चे नियम आहेत, त्यांना ती पुढे जोडली गेली. तेव्हा हा कुणाच्या चांगुलपणाचा प्रश्न नाही, डॉक्टरांवर बंधनकारक असलेली गोष्ट आहे.

मी नर्स आहे. नागपूरच्या धंतोलीत एका त्वचारोगतज्ज्ञांकडे काम करते आणि दुपारचे फेरतपासणीचे फोन माझ्याकडे असतात. आमचे रुग्ण उमरेड, भंडारा, गडचिरोली, पलीकडे मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यापर्यंतचे. ट्यूब लागू पडली का, खाज कमी झाली का, एवढं सांगायला माणसाने दिवसभराची मजुरी बुडवून एसटीने नागपूरला यावं असं मला कधीच वाटलं नाही. फोनवरच्या तपासणीने या लोकांचं भलं झालंय, हे मी रोज बघते. म्हणूनच ती नीट व्हावी असं वाटतं.

आमचे बहुतेक फोन दवाखान्यातून जातात, म्हणजे विचारण्याची जबाबदारी आमची. त्यासाठी कुठला फॉर्म लागत नाही. ईमेल, मेसेज, आवाजाचा किंवा व्हिडिओचा निरोप, काहीही चालतं. फोनवर साध्या शब्दांत ‘हो’ म्हटलं तरी पुरतं, फक्त ते केस-पेपरवर उतरवायचं. मी असं विचारते: “काकू, मी धंतोलीच्या दवाखान्यातून सिस्टर बोलतेय. डॉक्टर आज तुम्हाला फोनवरूनच पाहतील. हात लावून तपासता येणार नाही, त्यामुळे गरज वाटली तर इकडे बोलावतील. फी अमुक आहे. तुम्हाला नको असेल तर नाही म्हणा, प्रत्यक्ष यायची वेळ देते. मधेच थांबवायचं असेल तरी थांबवता येतं. चालेल का?” बहुतेक जण म्हणतात, “हो जी, चालते न!” कुणी म्हणतं, “नाही मॅडम, मी येतोच. डॉक्टरसाहेबांनी हात लावून पाहिलं की बरं वाटते.” मग त्याला वेळ द्यायची. रुग्ण यायला तयार असताना फोनवरच उरकायचा आग्रह डॉक्टरांनी धरला, तर ते गैरवर्तन ठरतं, असं या तत्त्वांमध्ये स्पष्ट म्हटलंय. ही ओळ फार कमी रुग्णांना माहीत असते.

पण आमच्याकडे खरी काळजी फोनची नसते, फोटोंची असते.

मे महिन्यात नागपूरचा पारा पंचेचाळीसच्या आसपास जातो. घामाने भिजलेला कपडा दिवसभर अंगाला चिकटून राहतो, आणि जांघेत, कमरेच्या नाडीखाली, छातीखाली नायटा उठतो. लोक आधी दुकानातून स्टेरॉइड असलेली ट्यूब आणतात. चार दिवस खाज थांबते, आणि मग तो दुप्पट पसरतो. आमच्याकडे येतात ते फोटो या जागांचे. बाईच्या अंगाचा फोटो बरेचदा तिच्या स्वतःच्या फोनवरून येत नाही. नवऱ्याच्या, दिराच्या, कॉलेजातल्या मुलाच्या फोनवरून येतो. तो कुणी काढला, कुणाच्या गॅलरीत राहिला, घरातल्या आणखी कुणाच्या हाती तो फोन असतो, हे तिला कुणी विचारलेलं नसतं. डॉक्टरांशी बोलायला ती ‘हो’ म्हणाली, म्हणून त्या फोटोलाही ‘हो’ म्हणाली असं मी धरत नाही.

फोटो मागण्याआधी मी तिच्याशी बोलते. फोटो लागेलच असं नाही, व्हिडिओवर दाखवता येतं, इथे येऊनही दाखवता येतं. पाठवायचाच असेल तर तेवढीच जागा घ्या. दुखणं चेहऱ्यावर नसेल तर चेहरा नको, हातावरचं गोंदण नको, मंगळसूत्र नको, कारण माणूस त्यावरून ओळखू येतो. पाठवून झालं की गॅलरीतून काढा, आणि डिलीट केलेले फोटो जिथे जाऊन पडतात तिथूनही काढा. आमच्या बाजूने फोटो दवाखान्याच्या फोनवरच येतो, माझ्या नाही, आणि तिच्या नोंदीत जातो. दुसऱ्या तज्ज्ञांचं मत घ्यायचं असेल तर तिला पुन्हा विचारायचं. डॉक्टरांना एखादा फोटो परिषदेत दाखवायचा असेल तर ती आणखी वेगळी परवानगी, आणि ती नाही म्हणाली म्हणून उपचारात काडीचाही फरक पडायचा नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली एका शस्त्रक्रियेच्या खटल्यात सांगितलं होतं की निदानासाठी दिलेली संमती ही उपचाराची संमती होत नाही. तो खटला फोटोंचा नव्हता. पण एका कामासाठी मिळालेली परवानगी दुसऱ्या कामाला वापरायची नाही, हे मी त्यातूनच घेतलं.

आता एका बाईबद्दल लिहिते. हे लिहू का असं तिला विचारलं, तेव्हा “नाव नका टाकू, बाकी लिहा” म्हणाली. गावही सांगत नाही.

फेरतपासणीचा फोन मी लावला होता, नंबर नवऱ्याचा. फोन स्पीकरवर, मागे टीव्ही, दोनतीन माणसांचे आवाज. “मीच सांगतो न मॅडम, तिले काय समजते त्यातलं!” मी म्हटलं, भाऊ, तुम्ही जवळ बसा हवं तर, पण डॉक्टरांना त्यांच्याच तोंडून ऐकायचंय. लहान मूल असेल, किंवा स्मृतिभ्रंशासारख्या आजाराने रुग्णाला स्वतः बोलता येत नसेल, तर काळजीवाहू माणूस त्याच्या वतीने बोलू शकतो. धडधाकट, शहाण्या बाईच्या वतीने नवरा आपोआप बोलू शकत नाही. तिने फोन घेतला. अशा वेळी मी फक्त हो-नाहीचे प्रश्न विचारते, म्हणजे ऐकणाऱ्यांना काही कळत नाही. आजूबाजूला माणसं आहेत का? हो. आत्ता मोकळं बोलता येईल का? नाही. पुन्हा कधीतरी बोलूया का? हो. मी दवाखान्याचा नंबर सांगितला आणि फोन ठेवला. केस-पेपरवर लिहिलं: ‘तपासणी झाली नाही, रुग्णाला एकांत नाही.’

पुढे तिचा फोन आला, शेजारणीच्या मोबाइलवरून. या वेळी तिने स्वतः लावला होता. पाठीवर फिकट चट्टा आहे, खाजत नाही, चिमटा काढला तरी तिथे काही वाटत नाही, असं ती म्हणाली. असं ऐकलं की आमच्या डॉक्टर फोनवर पुढे जातच नाहीत. चट्ट्यावरची संवेदना हात लावूनच तपासावी लागते, नसा चाचपाव्या लागतात. त्यांनी तिला तसं सांगितलं आणि ती आईला घेऊन आली. निदान काय झालं ते इथे लिहिणार नाही. विदर्भात अशा चट्ट्याचं नाव काढलं तरी सोयरे पाठ फिरवतात, ते तिच्या वाट्याला येऊ नये म्हणून तिने घरच्यांसमोर तोंड मिटून घेतलं होतं. स्पीकरवर नवऱ्याने दिलेला ‘हो’ लिहून घेऊन आम्ही पुढे गेलो असतो, तर हा चट्टा आमच्यासमोर आलाच नसता.

मुलांचं थोडं वेगळं असतं. मूल अल्पवयीन असेल तर सोबत मोठं माणूस असल्याशिवाय दूरस्थ तपासणी होत नाही, आणि त्या माणसाची ओळखही पटवावी लागते. मुरुमांनी हैराण झालेल्या दहावीतल्या पोरी आईच्या नकळत फोन करतात, रडतात. मी त्यांना रागावत नाही. मावशी, मोठी विवाहित बहीण, कुणी विश्वासातलं आहे का ते विचारते.

सरकारी बाजूला ई-संजीवनी आहे. गावातल्या उपकेंद्रात आरोग्य अधिकारी रुग्णाला शेजारी बसवून मोठ्या डॉक्टरांशी जोडून देतात. सेवा मोफत आहे आणि मोलाची आहे. पण तिथे जोडणारा माणूस आरोग्य कर्मचारी असतो, म्हणून तिथेही रुग्णाला विचारणं आलंच. समोरची स्क्रीन कुणाची, पलीकडे कोण बसलंय, हे त्या म्हाताऱ्या आजोबांना आधी सांगावं. डॉक्टरांचं नाव कळणं हा रुग्णाचा हक्क आहे, नोंदणी क्रमांक चिठ्ठीवर असायलाच हवा.

खाजगी अॅपवर तर सगळं एका खुणेत उरकतात. लांबलचक इंग्रजी मजकूर, खाली चौकोन. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा २०२३ चा कायदा म्हणतो की संमती मोकळेपणाने, नेमक्या कामासाठी आणि समजून दिलेली असावी, ती मागे घेणं देण्याइतकंच सोपं असावं, आणि राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या भाषांमध्ये ती सूचना वाचण्याची सोय असावी. त्यात मराठी आलीच. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. मुख्य तरतुदींना अठरा महिन्यांची मुदत आहे, पण मराठीत लिहायला तोवर थांबायचं काही कारण नाही.

आमच्या केस-पेपरवर आता एक रकाना छापून घेतलाय: फोन कुणी लावला, रुग्ण स्वतः बोलला का, जवळ कोण होतं, काय म्हणाला, फोटोसाठी वेगळं विचारलं का. भरायला मिनिटसुद्धा लागत नाही. हिंदीतही छापलाय, छिंदवाड्याच्या लोकांसाठी. गडचिरोलीहून येणाऱ्या काही आज्यांना मात्र मराठीही नीट उमगत नाही. त्यांना गोंडीतून विचारणारं कुणीतरी फोनवर असावं, यासाठी मी सध्या माणूस शोधतेय.