तुम्ही विचारलंत म्हणून: सहाची घंटा

वसईला गेले की मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, सुटल्यावर देवळाच्या (चर्चला आम्ही देऊळच म्हणतो) पायऱ्यांवर कुणीतरी मला गाठतंच. प्रश्न ठरलेला. "आयर्लंड एवढा कॅथलिक देश. तिथं आता घटस्फोट आला, गर्भपात आला, समलिंगी लग्नं आली. देवालाच कायद्यातून काढलं म्हणे. तुझ्या जिवाला काही वाटत नाही का गं?" मी राहते त्या डब्लिनमधले मराठी शेजारी नेमकं उलटं विचारतात: चर्चचं एवढं सगळं बाहेर आलं, तरी तुम्ही दर रविवारी जाता कशा? पायऱ्यांवर उभ्या उभ्या याचं उत्तर देता येत नाही, म्हणून लिहून काढते.

आधी एक सांगते, देवाला कायद्यातून पुरतं काढलेलं नाही. तिथल्या १९३७च्या राज्यघटनेची सुरुवात आजही पवित्र त्रैक्याच्या, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्म्याच्या नावाने होते. सरकारी टीव्हीवर संध्याकाळी सहाला आंजेलस या कॅथलिक प्रार्थनेची घंटा वाजते, तिचे अठरा टोले पूर्ण झाले की मग बातम्या, सहा वाजून एक मिनिटाने. जे गेलं ते वेगळं होतं. कॅथलिक चर्चला घटनेने दिलेलं 'विशेष स्थान' १९७२ साली गेलं. १९९५मध्ये घटस्फोटाला वाट मिळाली, तीही सगळ्या देशात मिळून जेमतेम नऊ हजार मतांच्या फरकाने. २०१५ला समलिंगी विवाह आला. २०१८च्या मे महिन्यात गर्भपाताची घटनात्मक बंदी उठली, ऑक्टोबरात घटनेतला ईशनिंदेचा गुन्हा गेला. यातला प्रत्येक निर्णय सार्वमताने झाला आणि मत देणारे बाहेरून आलेले नव्हते. २०११च्या जनगणनेत ८४ टक्के लोकांनी स्वतःला कॅथलिक म्हटलं होतं. म्हणजे बाप्तिस्मा झालेल्या माणसांनीच हे केलं. का केलं, हे मला कुठल्या पुस्तकातून कळलं नाही.

मी डब्लिनमध्ये वृद्धांच्या नर्सिंग होममध्ये परिचारिका आहे. तिथे एक आजी होत्या, नव्वदीच्या. सहाची घंटा वाजली की हातातला चहाचा कप बशीत ठेवायच्या, आवाज होऊ न देता, आणि ओठ हलायचे. त्यांच्या उशाखाली लाकडी मण्यांची रोझरी असे, मणी झिजून गुळगुळीत झालेले. २०१८ला मतदानाच्या दिवशी त्यांना व्हीलचेअरवरून घेऊन जायला त्यांची नात आली. परत आल्यावर मी काही विचारलं नव्हतं, त्यांनीच सांगितलं, "बंदी उठवा म्हणून मत दिलं." मग बराच वेळ गप्प राहून बहिणीचं सांगितलं. लग्नाआधी दिवस गेले म्हणून एकोणीस वर्षांच्या बहिणीला नन्स चालवत असलेल्या एका गृहात पाठवलं. बाळ कुठे गेलं ते तिला मरेपर्यंत कळलं नाही. घरात तिचं नाव निघायचं नाही. "फादरही गप्प, पोलिसही गप्प, बाबाही गप्प," आजी म्हणाल्या. अशा अठरा संस्थांची चौकशी करणाऱ्या आयोगाचा अहवाल २०२१मध्ये आला. ५६ हजार आया, ५७ हजार मुलं, त्यातली सुमारे नऊ हजार तिथेच दगावलेली. तो अहवाल वाचताना मला आकड्यांपेक्षा तो बशीत ठेवलेला कप जास्त आठवत होता.

आणि सविता हलप्पनवार. बेळगावची मुलगी, दंतवैद्य, वय ३१. २०१२च्या ऑक्टोबरमध्ये आयर्लंडमधल्या गॉलवेच्या एका रुग्णालयात तिचा गर्भ वाचणार नाही हे डॉक्टरांना ठाऊक होतं, पण ठोके चालू होते आणि कायदा आडवा होता. तिने गर्भपात करा म्हणून विनवलं. नकार मिळाला. हा कॅथलिक देश आहे, असंही तिच्या कानावर पडलं. तिथल्या एका सुईणीने नंतर चौकशीत तसं बोलल्याचं मान्य केलं. सेप्सिसने, अंगभर पसरलेल्या जंतुसंसर्गाने, ती गेली. माझ्या धर्माचं नाव त्या खोलीत तसं घेतलं गेलं, याची सल आजही आहे.

मी गर्भपात योग्य मानत नाही. पोटातला जीव हा जीवच, असं मी मानते आणि मानत राहीन. त्या वर्षी मला नागरिकत्व मिळालेलं नव्हतं, म्हणून मत देण्याची वेळ आली नाही. पण गर्भपाताच्या २०१८च्याच कायद्यात एक कलम आहे: ज्या डॉक्टर-नर्सला सदसद्विवेकामुळे या कामात हात घालायचा नाही, तिला नकार देता येतो, मात्र रुग्णाला दुसरीकडे पोचवण्याची सोय करावी लागते. माझ्या बाजूचा पराभव करणाऱ्या कायद्याने माझ्या विवेकाला जागा ठेवली. सवितासाठी आधीच्या कायद्याने अशी जागा ठेवली नव्हती. पायऱ्यांवर विचारणाऱ्यांना मी हे सांगते तेव्हा ते थोडे गप्प होतात.

आता शाळेची गोष्ट. तिथल्या दहातल्या जवळजवळ नऊ प्राथमिक शाळा कॅथलिक चर्चच्या छत्राखाली आहेत, पगार सरकारचा. माझ्या मुलीच्या प्रवेशाच्या वेळी जागा कमी होत्या. मी ऑफिसात बाप्तिस्म्याचा दाखला टेबलावर ठेवला, आमच्या वसईच्या धर्मग्रामाच्या (पॅरिशच्या) शिक्क्याचा. बाईंनी शिक्का पाहिला, हसल्या आणि नाव लिहून घेतलं. माझ्यामागे रांगेत आमच्याच इमारतीतले नाशिकचे एक जण मुलाला घेऊन उभे होते. घर शाळेपासून तेवढंच लांब, मुलगा माझ्या मुलीच्याच वयाचा. त्यांच्याकडे तो कागद नव्हता. त्यांना प्रतीक्षा यादीचा फॉर्म मिळाला. जिन्यात भेटले की ते पहिल्यासारखंच "काय म्हणता ताई" म्हणायचे, आणि मला त्यांच्या नजरेला नजर देता यायची नाही. त्या काळात काहीच न मानणाऱ्या घरांनीही केवळ शाळेसाठी पोरांच्या डोक्यावर बाप्तिस्म्याचं पाणी घालून घेतलं. संस्काराचा प्रवेश-अर्ज झाला. २०१८च्या शाळाप्रवेशाच्या कायद्याने कॅथलिक प्राथमिक शाळांचा बाप्तिस्मा झालेल्यांना आधी घेण्याचा हा अग्रक्रम काढून घेतला. बरं झालं. माझ्या बाप्तिस्म्याची किंमत त्या दिवशी वाढली.

तेव्हा पंतप्रधान होते लिओ वराडकर, ज्यांच्या वडिलांचं मूळ गाव मालवण तालुक्यातलं वराड. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पोप फ्रान्सिस डब्लिनला आले, तेव्हा त्यांच्यासमोर वराडकरांनी चर्च आणि शासन या दोघांनी मिळून केलेले अपराध एकेक करून सांगितले आणि दोघांमध्ये नवं नातं असावं म्हणाले. मी ते भाषण टीव्हीवर पाहिलं. त्यात मला धर्माचा द्वेष दिसला नाही.

उलट बाजूचंही दुःख आहे आणि ते लपवणार नाही. कॉफी मशीनपाशी कुणी म्हणतं, धर्म घरात ठेवा. मी तो घरात ठेवू शकत नाही. मरणाऱ्या माणसाचा हात धरते तेव्हा तो माझ्यासोबत असतो. मुलांच्या पहिल्या कम्युनियनच्या, म्हणजे ख्रिस्तप्रसाद घेण्याच्या दिवशी झग्यांवर शेकडो युरो जातात आणि पुढच्या रविवारी बाकं रिकामी असतात. म्हाताऱ्या नन्सपैकी कित्येकींनी जन्मभर गरिबांची सेवा केली, त्याही आज मान खाली घालून रस्त्याने जातात. हे पाहवत नाही.

पण भीती मला वाटत नाही, आणि त्याचं कारण वसईच आहे. १७३९ला चिमाजी आप्पांनी किल्ला घेतला आणि दोनशे वर्षांची पोर्तुगीज सत्ता गेली. त्यानंतर आमच्यामागे कुठलंही राज्य नव्हतं. देऊळ राहिलं, वाडीतला खुरीस (क्रूस) राहिला, आजीची संध्याकाळची प्रार्थना राहिली. आयरिश माणसांनाही हे नवं नाही. कॅथलिकांवर बंधनं घालणाऱ्या इंग्रजांच्या दंडक कायद्यांच्या काळात ते रानातल्या खडकांवर चोरून मिस्सा करायचे. ते खडक अजून दाखवतात. मग राज्य आलं, कायदा हातात आला, आणि त्या खडकांवरचं काय हरवलं ते आजींच्या बहिणीला विचारायला हवं होतं.

आजी गेल्या वर्षी वारल्या. त्यांच्या मिस्साला फादर केरळचे होते, मागे दोन नायजेरियन बायका गात होत्या. पुढे नात, तिची बायको, आमच्या नर्सिंग होमचे सगळे, आणि कोपऱ्यात नाशिकचे ते शेजारी, मला सोबत म्हणून आलेले. चाळीसेक माणसं असतील. त्यातलं कुणीही दाखल्यासाठी आलं नव्हतं.