२४३ लिटर दोनदा मोजले: म्बुनांच्या नव्या टँकची नोंद

म्बुना म्हणजे आफ्रिकेतल्या मलावी सरोवरातले, दगडांत राहणारे मासे. त्यांच्यासाठी नवा टँक बनवायला टाकण्याआधी फरशीवर खडूने दोन आयत आखले आणि आणलेले कोरडे दगड त्यात मांडून बघितले. एक आयत ९० × ४५ सेंटिमीटरचा, दुसरा १२० × ४५ चा. पहिला टँक ६० उंच करायचा विचार होता, दुसरा ४५. लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची, भागिले हजार. दोन्हीचं उत्तर एकच येतं, २४३ लिटर. कागदावर सख्खे भाऊ. फरशीवर मात्र पहिल्या आयतात दगडांची एकच रास बसली. दुसऱ्यात दोन बसल्या आणि मध्ये दोन वीत मोकळी जागा उरली.

मागच्या नोंदी वाचलेल्यांना आठवत असेल, माझा जुना टँक ७५ × ३८ × ४५ चा, म्हणजे काचेच्या मापाने १२८ लिटर. त्यात तीन जातींचे दहा म्बुना: चार यलो लॅब, तीन रस्टी, तीन केन्यी. आणले तेव्हा सगळे बोटाच्या दोन पेरांएवढे होते, टँक रिकामाच वाटायचा. मग केन्यीतल्या एकाचा निळा रंग फिका पडायला लागला, पट्टे पुसट झाले आणि पाहता पाहता तो पिवळा झाला. केन्यीचा नर वयात येताना असाच उलटतो, पिल्लं आणि माद्या निळ्या राहतात. रंगाबरोबर स्वभावही उलटला. केन्यी म्बुनांमध्येही तापट म्हणून ओळखला जातो, हे वाचलं होतं. पण चार सेंटिमीटरच्या गोजिरवाण्या पिल्लाकडे बघताना वाचलेलं कुठे आठवतं?

एका संध्याकाळी काचेवर पुसता येणारा मार्कर घेऊन बसलो. नर कुणाच्याही अंगावर धावून गेला की जिथून मागे फिरला तिथे एक ठिपका. वीस मिनिटांत ठिपक्यांची जवळजवळ उभी रेघ झाली, डाव्या काचेपासून ५५ सेंटिमीटरवर. उरलेल्या २० सेंटिमीटरमध्ये नऊ मासे, तेही बहुतेक पृष्ठभागाला चिकटून, हीटर आणि फिल्टरच्या पाइपमागे. एका लॅबची शेपटी फणीसारखी फाटलेली. वरचं १५-२० सेंटिमीटर पाणी त्या नराच्या खिजगणतीत नव्हतं. त्याची मालमत्ता दगड, बीळ आणि समोरची वाळू. खडूचे आयत आखायची कल्पना तिथूनच सुचली.

मलावी सरोवरातल्या म्बुनांचं जगणंच दगडांना लागून. शेवाळ खरवडून खाणं, बीळ राखणं, मादीसमोर नाचणं, सगळं तळाशी. म्हणून त्यांच्यासाठी मी आता टँकचे लिटर नंतर बघतो, तळ आधी. ९० × ४५ चा तळ ४०५० चौरस सेंटिमीटर, १२० × ४५ चा ५४००. पाणी तेवढंच, जागा एक तृतीयांश जास्त.

शेवटी तिसरा आयत आखला, १२० × ६०, आणि तोच ठरला. रुंदी ४५ असली की दगडांची भिंत मागच्या काचेला टेकवावी लागते, मासे तिच्यापुढे एका ओळीत. ६० मध्ये राशीमागे रास लावता येते. पाठलाग होणारा मासा दगडाला वळसा घालून दिसेनासा झाला की नर बहुतेक वेळा नाद सोडतो. उंची ४५ च ठेवली. एकदा ६० उंचीच्या टँकमध्ये काखेपर्यंत हात घालून तळाचा दगड हलवायचा प्रयत्न करा, कारण आपोआप कळेल.

टँक भरताना १५ लिटरच्या बादल्या मोजल्या. काचेच्या मापाने ३२४ लिटर, प्रत्यक्षात गेल्या साडेसोळा बादल्या, म्हणजे २४८ लिटरच्या आसपास. काचेची जाडी, वर सोडलेली चार सेंटिमीटर मोकळी जागा, ३० किलो वाळू आणि ३५ किलो दगड यांनी उरलेले खाल्ले. औषधाचा किंवा क्लोरीन काढायच्या द्रावणाचा डोस मी आता याच आकड्यावर काढतो. वजनाचं मात्र उलटं, तिथे दगड-वाळू सोडून चालत नाही. पाणी, काच, दगड, वाळू मिळून साडेतीनशे किलोच्या सहज वर जातं. स्टँड पाणसळ लावून दोनदा तपासला, टँकखाली थर्माकोल घातला. दगड आधी, वाळू नंतर. म्बुना उकरतात, आणि वाळूवर ठेवलेला दगड एक दिवस काचेवर आपटतो.

हे गणित सगळ्या सिक्लिडना, म्हणजे म्बुना ज्या कुळातले त्या सगळ्या माशांना, लावू नका. टांगानिका सरोवरातले शंखांत राहणारे मल्टी ६० × ३० च्या टँकमध्ये अख्खी वसाहत करतात. रॅमची जोडीही तेवढ्यात राहते. एंजलला उंची हवीच, पूर्ण वाढलेल्याचे वरचे-खालचे पर मिळून २० सेंटिमीटरच्या पुढे जातात. ऑस्करचं मला सगळ्यात वाईट वाटतं. आणताना पाच सेंटिमीटरचा, पहिल्या वर्षात महिन्याला सरासरी अडीच सेंटिमीटर वाढतो आणि तिशीच्या पुढे जातो. तीस सेंटिमीटरचा मासा ३० रुंदीच्या टँकमध्ये वळणार कसा? त्या एकट्यालाही १२० × ४५ पासून सुरुवात, ६० रुंदी मिळाली तर उत्तम. ‘टँकएवढाच मासा वाढतो’ असं सांगणारे भेटतातच. वाढ खुंटते ती खराब पाण्याने आणि कोंडल्यामुळे. त्याला मासा जुळवून घेतो म्हणणं म्हणजे कमालच.

तसाच ‘एका गॅलनला एक इंच मासा’ हा हिशेब. अडीच सेंटिमीटरचे दहा मासे आणि २५ सेंटिमीटरचा एक, लांबीची बेरीज सारखीच. पण लांबी दहापट झाली की त्याच ठेवणीच्या माशाचं वजन हजारपट होतं. म्हणजे तो एकटा त्या दहांच्या शंभरपट भरतो. घाण अगदी शंभरपट नसली तरी कितीतरी पट जास्त.

बदलीचा दिवस. जुना फिल्टर न धुता, चालू अवस्थेतला तसाच उचलून नव्या टँकमध्ये लावला, जोडीला तासाला हजार लिटरचा कॅनिस्टर, म्हणजे टँकबाहेर ठेवायचा फिल्टर. दिवे बंद. आधी नऊ मासे सोडले, केन्यी नर सर्वात शेवटी, तासाभराने. पहिले सात दिवस रोज चाचणी, माशांच्या घाणीतून होणारे विषारी अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य.

आठव्या दिवशी पुन्हा मार्कर घेऊन बसलो. मला वाटलं होतं हा पठ्ठ्या आता मीटरभर बळकावणार. ठिपक्यांची रेघ आली ६० वर. जुन्यापेक्षा जेमतेम पाच सेंटिमीटर पुढे! डाव्या राशीतलं मोठं बीळ त्याचं, पुढची वाळू त्याची, पण मागच्या राशीपर्यंत तो जातच नाही. उजवीकडे रस्टीच्या नराने स्वतःचा एक चपटा दगड धरलाय आणि तिथून तो केन्यीलाही हुसकावतो. हीटरमागे आता कुणी नसतं.

सगळंच छान आहे असं नाही. फाटक्या शेपटीची लॅब अजून घाबरट आहे. खाणं टाकलं की सगळ्यात शेवटी यायची, म्हणून तिला सध्या जाळीच्या पेटीत ठेवलंय. आणि दहा मासे या टँकला कमी पडतात. म्बुना मुद्दाम थोडे दाटीने ठेवले तर मार एकावरच पडत नाही. १२८ लिटरमध्ये ती चैन परवडणारी नव्हती, पाणी हाताबाहेर गेलं असतं. आता अठरापर्यंत जायचा विचार आहे, दर आठवड्याला एक तृतीयांश पाणी बदलून नायट्रेट कुठवर चढतं ते बघत. पण नवा केन्यी नर नको रे बाबा.

परवा मागच्या राशीत टॉर्च मारला तर एक निळी केन्यी बिळात स्थिर उभी दिसली. हनुवटी फुगलेली, मध्येच चघळल्यासारखं तोंड हलवत होती. खाणं टाकलं तरी बाहेर आली नाही. तोंडात अंडी आहेत, म्बुनाची मादी ती तोंडातच उबवते. तीन आठवडे धरायचे, म्हणजे अजून अडीच तरी बाकी. जुना अडीच फुटी काढून टाकणार होतो. काल तो पुसून परत भरला आणि स्पंज फिल्टर लावून ठेवलाय.