तुम्ही विचारलंत म्हणून : जुन्या दफनभूमीतलं गवत कधी कापायचं?

पावसाळा संपत आला की चर्चचे कारभारी, पॅरिशमधली (चर्चच्या मंडळीतली) तरुण मुलं, कब्रस्तानांचे विश्वस्त एकच प्रश्न विचारतात: कमरेएवढं गवत माजलंय, सगळं साफ करून टाकायचं का? आमचं उत्तर असं: साफ जरूर करा, पण सगळं एकाच वेळी नको, आणि जुना भाग ऑक्टोबरात तर नकोच.

अडचण तारखेची आहे. २ नोव्हेंबरला ऑल सोल्स डे. घरची माणसं फुलं-मेणबत्त्या घेऊन कबरींवर येतात, म्हणून साफसफाई ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात उरकली जाते. पुण्यात नेमकी तेव्हाच कुसळी, पवन्या, मारवेल ही गवतं बी धरतात आणि कुर्डूचे तुरे पिकायला लागतात. बी झडायच्या आत सगळं छाटलं, तर एका पावसाळ्यापुरतं जगणाऱ्या झाडोऱ्याला पुढच्या वर्षी उगवायला काही उरत नाही. चार-पाच वर्षं असं चाललं की ती जागा गाजरगवत आणि घाणेरी बळकावतात.

म्हणून दोन भाग करा. ज्या कबरींवर आजही कुणी येतं त्या, त्यांच्याभोवतीची दोन-अडीच फुटांची पट्टी आणि सगळ्या वाटा ऑक्टोबरअखेर कापून घ्या. आलेल्या माणसाला आपल्या माणसाची कबर स्वच्छ दिसलीच पाहिजे, यात तडजोड नको. मागचा जुना भाग मात्र डिसेंबरपर्यंत राहू द्या आणि जानेवारी संपायच्या आत कापा. त्याहून उशीर केला तर वाळलेल्या गवताला एक मेणबत्ती किंवा विडी पुरते, आणि आगीत सरडे, गोगलगायी, झाडांच्या बुंध्यांच्या साली सगळंच जातं.

कापताना ब्रशकटर (फिरत्या तारेने गवत कापणारं यंत्र) जमिनीपासून चार इंच वर धरा. मातीला लावून फिरवला तर गवताचे ठोंब मरतात आणि तार दगडावर आपटून कबरीच्या कडा फुटतात. थडग्यालगतचं गवत विळ्यानेच कापावं. सुरुवात मधून करून बाहेर कुंपणाकडे जावं, म्हणजे मुंगूस, धामण, सरडे यांना निसटायला वाट राहते. कडेकडून आत गेलात तर सगळे जीव मधल्या तुकड्यात कोंडले जातात, माणसाच्या पायापाशी. घोणस आणि नाग पुण्यात सगळीकडे आहेत; गमबूट घाला, पडलेल्या दगडाखाली हात घालू नका. कापलेलं गवत दोन दिवस तिथेच पसरून ठेवा, बी झडू द्या, मग उचलून गोठ्यावर द्या. तिथेच कुजू दिलं तर माती सकस होते, आणि सकस मातीत मोठं, दांडगं तण बारीक रानफुलांना दाबून टाकतं. खोदताना वर आलेला मुरूम, त्यावर मातीचा पातळ थर, ही हलकी जमीनच त्या फुलांना मानवते.

खडकीच्या वॉर सिमेट्रीसारखी (महायुद्धात कामी आलेल्या सैनिकांच्या दफनभूमीसारखी) हिरवळ करावी, असंही सुचवलं जातं. ती जागा कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन सांभाळतं. एकसारखे दगड, कातरलेली हिरवळ, नेमलेले माळी हे तिथल्या स्मरणाला शोभतं. पुण्यातल्या सेंट सेपल्करसारख्या एकोणिसाव्या शतकातल्या दफनभूमीत त्याची नक्कल करू नये. हिरवळीला उन्हाळाभर पाणी लागतं आणि तिच्यावर फारशा अळ्या पोसत नाहीत. टाकळ्यावर पिवळी फुलपाखरं, रुईवर प्लेन टायगर, पानफुटीवर रेड पिअरो अंडी घालतात. ही झाडं ‘तण’ म्हणून उपटली की फुलपाखरंही गेली.

आता दगडांकडे या, कारण खरं नुकसान तिथे होतं. थडग्यांवरचे राखाडी, पिवळे, शेवाळी ठिपके म्हणजे दगडफूल. बुरशी आणि शैवाल यांचा तो एकत्र संसार, आणि तो वर्षाला फार तर काही मिलिमीटर वाढतो. काळ्या पाषाणावर एक जात, संगमरवरावर दुसरी. दगडावर साल कोरलेलं असल्यामुळे या ठिपक्यांना मोल आहे: शिळा १८६० ची असेल, तर तिच्यावरचं दगडफूल त्याहून जुनं असूच शकत नाही, आणि त्यावरून वाढीचा वेग काढता येतो. ‘उजळण्या’साठी लोक तारेचा ब्रश आणि संडास धुवायचं ॲसिड वापरतात. संगमरवर म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. ॲसिड त्याला खातं आणि अक्षरं कायमची बुजतात. नावच वाचायचं असेल तर साधं पाणी आणि मऊ ब्रश घ्या, किंवा संध्याकाळी बॅटरी दगडाच्या बाजूने, अगदी पृष्ठभागालगत तिरपी धरा. सावल्यांमुळे अक्षरं उठून दिसतात.

पिंपळ आणि वड यांच्याबाबत मात्र आम्ही कठोर आहोत. पक्ष्यांच्या विष्ठेतून बी थडग्याच्या सांध्यात पडतं, मूळ चुना फोडत आत शिरतं आणि काही वर्षांत शिळा उचलली जाते. रोप पेन्सिलीएवढं असताना, भर पावसात, सांधा ओला असताना मुळासकट ओढून काढा. नुसतं वरून छाटलं तर ते दुप्पट जोमाने फुटतं. मूळ अंगठ्याहून जाड झालं असेल तर ओढू नका, दगडच निखळेल. खोड कापून ताज्या कापावर लगेच तणनाशक लावावं लागतं. ग्लायफोसेट वापरायची परवानगी २०२२ पासून फक्त परवानाधारक कीडनियंत्रकांना आहे, तेव्हा त्यांनाच बोलवा. मूळ आत वाळल्यावर सांधा एक भाग चुना, तीन भाग वाळूने भरा आणि आठवडाभर ओला ठेवा. सिमेंट नको. ते पाणी आत कोंडतं, चुन्याहून कडक राहतं आणि मग शिळेचीच कड उडते. जमिनीत वाढलेला वड-पिंपळ मात्र जपा. राखी धनेश, तांबट आणि वटवाघळं त्याच्या फळांवर जगतात.

चाफा जवळजवळ प्रत्येक दफनभूमीत असतो. तो मूळचा मध्य अमेरिकेकडचा. राहू द्या, पण नवीन लावायचं तर करंज किंवा उंबर लावा.

जुन्या झाडांच्या ढोल्या बुजवू नका. पिंगळे तिथेच राहतात. वाटेवर लटकणारी वाळकी फांदी काढावीच लागते, ती पावसाळ्यानंतर, डिसेंबरच्या आत. फेब्रुवारीपासून तांबट, धनेश घरट्यात बसतात. ५० वर्षांहून जुनं झाड २०२१ च्या दुरुस्तीनंतर कायद्याने वारसा वृक्ष ठरतं. त्यामुळे छाटणीआधी महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची, छावणी हद्दीत कॅन्टोन्मेंट बोर्डाची लेखी परवानगी घ्या.

गाजरगवत फुलायच्या आत, पावसात, हातमोजे घालून मुळासकट उपटायचं. उघड्या हातांना खाज आणि पुरळ येतं. मोकळ्या झालेल्या जागी मेअखेर टाकळ्याचं बी टाका, तो त्याला वर येऊ देत नाही.

आणि कबरींवरच्या फुलदाण्या: त्यात पाणी साचलं की डेंगीचे डास होतात. ओली वाळू काठोकाठ भरा, फुलं तीत छान उभी राहतात.