बावीस घोड्यांची यादी

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आठ दिवस होते. सकाळी नऊ वाजताच धुळ्यात उन्हाचा चटका बसायला लागला होता आणि फोन आला. दोंडाईच्याच्या पुढे, तापीकडच्या एका गावात शेडला आग. पॉलिसीवर मालाचं वर्णन 'अम्युझमेंट मशिनरी', विम्याची रक्कम ३ लाख. मी विमा सर्व्हेअर आहे. जिनिंग, डाळ मिल, जळगावच्या चटईचे कारखाने, तेलाच्या घाण्या, एवढ्या आगी पाहिल्यात की शेडच्या वासावरून आत काय जळलं ते साधारण कळतं. या शेडमध्ये मात्र वास दोन होते. एक जळक्या प्लॅस्टिकचा आणि एक जुन्या सागवानाचा.

मशिनरी म्हणजे घोड्यांचा पाळणा होता. चैत्रात धुळ्याच्या एकवीरेच्या जत्रेला पांझरेच्या काठी लागायचा, वैशाखात अमळनेरला बोरीच्या पात्रात, मार्गशीर्षात सारंगखेड्याला दत्ताच्या यात्रेत. मी स्वतः त्यावर बसलेली आहे, माझी मुलगी बसलेली आहे. पॉलिसी वाचताना हे माझ्या लक्षातही आलं नव्हतं. दारात पाऊल टाकलं आणि मधला खांब दिसला, त्याच्या माथ्यावरचं ते आठ पाकळ्यांचं लोखंडी फूल, तेव्हा पाय थांबले.

मालक साठीच्या पुढचे. गाव त्यांना अण्णा म्हणतं, मीही तेच म्हणू लागले. बाजेवर बसून होते, उठले नाहीत. म्हणाले, "ताई, आते काय देखशात? राख शे नुसती."

राखेतच आमचं काम असतं, हे त्यांना त्या क्षणी सांगणं मला जमलं नाही. बूट चढवले आणि आत गेले.

छताचे पत्रे खाली आले होते. चौकटीचे लोखंडी अँगल एका बाजूला दोरीसारखे लवले होते. सहाशे अंशांच्या आसपास लोखंडाची निम्मी ताकद जाते, मग ते स्वतःचंच वजन पेलत नाही. वरची अ‍ॅल्युमिनियमची झालर वितळून फरशीवर रुपेरी थापी झाली होती, पण घोड्यांच्या पितळी नळ्या नुसत्या वाकल्या होत्या, वितळल्या नव्हत्या. अ‍ॅल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं, पितळ नऊशेच्या पुढे. म्हणजे आग या दोहोंच्या मध्ये कुठेतरी तापली होती. वायरी तपासल्या. शॉर्टसर्किट होतं तिथे तांब्याच्या टोकाला मण्यासारखा गोल थेंब तयार होतो. तसा एकही मणी सापडला नाही, आणि मेन स्विच खाली पाडलेला होता. पंचनाम्यात मात्र कारण लिहिलं होतं शॉर्टसर्किट.

सगळ्यात खोल जळकी जागा उत्तरेच्या कोपऱ्यात होती, जमिनीलगत. तिथे फरशीचे टवके उडाले होते. त्या कोपऱ्यात काय होतं, असं विचारल्यावर अण्णांचा पुतण्या पुढे आला. विशी-बाविशीचा मुलगा. "गाद्या होत्या, खोगिरांच्या. कापूस भरलेल्या." मी विचारलं, वेल्डिंगचं मशीन कुठे होतं? तो गप्प झाला.

त्याला बाजूला निंबाखाली नेलं. एकवीरेहून परत येताना खालच्या कड्याचं एक ब्रॅकेट तडकलं होतं. अमळनेरच्या आधी जोडायचं म्हणून संध्याकाळी सहापर्यंत तो वेल्डिंग करत होता. मग स्विच पाडला, कुलूप लावलं, घरी गेला. आग दिसली रात्री दोनला. नगरपालिकेचा बंब आला तोवर छत बसलं होतं. त्या मुलाला पटत नव्हतं की ठिणगी आठ तास आत राहू शकते. मला पटत होतं. जिनिंगमध्ये कापसाच्या गाठीत शिरलेली ठिणगी दोन-दोन दिवस आत धुमसते आणि बाहेर धुराची रेघसुद्धा दिसत नाही. म्हणूनच कारखान्यांत वेल्डिंग थांबल्यावरही माणूस तिथे किमान अर्धा-एक तास पाण्याची बादली घेऊन बसवतात. २५ मे २०२४ ला राजकोटच्या गेम झोनमध्ये जे झालं तेही वेल्डिंगच्या ठिणगीपासूनच सुरू झालं होतं. तिथे लहान मुलांसकट पंचवीसहून जास्त माणसं गेली. इथे माणूस गेला नाही, हे मी त्याला दोनदा सांगितलं.

शॉर्टसर्किट सांगण्याचा सल्ला त्याला कुणीतरी दिला होता. वेल्डिंगचं नाव काढलंस तर काकाला एक रुपया मिळणार नाही, असं म्हणून. हे खोटं आहे, आणि खानदेशात गावोगाव लोक हे खरं मानतात म्हणून स्पष्ट लिहिते. हातून चूक झाली म्हणून आगीचा विमा बुडत नाही. आग मालकाने मुद्दाम लावलेली नसावी लागते. बुडतो तो खोटं सांगितल्यामुळे. मुलाने जबाब बदलून दिला. सही करताना त्याचा हात थरथरत होता, आणि बाजेवरून अण्णा एवढंच म्हणाले, "लिही दे, बेटा."

आता यादी. नुकसानीचं मूल्य काढायचं तर काय काय होतं ते नगानिशी लागतं. पॉलिसीसोबत यादी नव्हती. पावत्या असणं शक्यच नव्हतं, कारण घोडे अण्णांच्या आजोबांनी घडवलेले. ते सुतार होते. देश स्वतंत्र झाला त्या सुमाराला सारंगखेड्याच्या घोडेबाजारात दिवसदिवस बसून त्यांनी घोडे पाहिले आणि सातपुड्याच्या सागवानात उतरवले. बाजारातला व्यापारी ज्या नावांनी घोडा सांगतो त्याच नावांनी हे घोडे ओळखले जायचे. पांढरा तो नुकरा, तांबूस अंगाचा, काळ्या आयाळीचा तो कुमैत, चट्ट्यापट्ट्यांचा अबलख, चार पाय आणि तोंड पांढरं तो पंचकल्याणी. अण्णा म्हणाले, बावीस घोडे, सगळे लाकडी.

फोटो मागितले. एकही नव्हता. "घोडावर गिऱ्हाईक बसस," अण्णा म्हणाले, "फोटो गिऱ्हाईकना निंघस." पाळणेवाल्याच्या घरी पाळण्याचा फोटो नाही.

शेडच्या दारात तोवर माणसं जमली होती. आखाजीला माहेरी आलेल्या लेकी त्यात बऱ्याच होत्या. घरोघर निंबाला झोके बांधून झाले होते, पण कुणी बसत नव्हतं. त्यातली एक, कडेवर मूल, म्हणाली, "माझा जावळाचा फोटो आहे ना त्या घोड्यावर. आईच्या पेटीत आहे." दुसरी म्हणाली, लग्नानंतर पहिल्या आखाजीला आम्ही दोघं बसलो होतो. मी माझा नंबर दिला. घोडा दिसत असेल असा कुठलाही फोटो पाठवा, जत्रा कुठली आणि साल कुठलं एवढं लिहा, असं सांगितलं. खरं सांगायचं तर दहा-पंधरा फोटो येतील अशी माझी अपेक्षा होती.

तिसऱ्या दिवशी १४३ झाले. गावाच्या ग्रुपवरून निरोप शिरपूरला गेला, शहाद्याला गेला, तिथून सुरतेला, कारण खानदेशचं निम्मं घर सुरतेत. पिवळे पडलेले, पाण्याचे डाग पडलेले, अल्बममधून मोबाइलने काढलेले, कोपऱ्यात केशरी आकड्यांत तारीख छापलेले. बाळाच्या डोक्यावर टोपरं आणि डोळे रडून लाल. दोन भाऊ एका घोड्यावर, धाकट्याच्या हातात जिलेबी. सैन्यातून सुट्टीवर आलेला जवान, गणवेशात, अबलखावर, ताठ. खाली बहुतेकांनी घोड्याचंच लिहिलं होतं. "हाऊ मना घोडा. याना डावा कान तुटेल व्हता." त्याच तुटक्या कानाचे सतरा फोटो, सतरा वेगवेगळी मुलं, आणि प्रत्येकाच्या हिशेबात तो त्याचा एकट्याचा.

मी ऑफिसच्या भिंतीवर प्रिंट लावले. मागे पांझरेचा काठ आहे की तापीचा, कपडे उन्हाळ्यातले की स्वेटर, यावरून साल आणि जागा ताडून घोड्यामागे घोडा नोंदवत गेले. कान, कपाळावरचा टिळा, आयाळीचं कोरीव काम, खोगिराचा रंग. इतकी वर्षं यादी करते, पण यंत्राच्या नंबर प्लेटऐवजी एखाद्या वस्तूची खूण लोकांच्या आठवणीतून जुळवण्याची वेळ माझ्यावर आधी आली नव्हती. रात्री उशिरापर्यंत बसायचे. मुलगी शेजारी येऊन बसली आणि तिने दोन जुळ्यासारखे कुमैत वेगळे करून दिले. एकाची जीभ दिसते, एकाची नाही.

याच फोटोंनी अण्णांचं म्हणणं खोडलं.

राख उपसताना मला सहा ठिकाणी पांढऱ्या, मऊ, कापडासारख्या घड्या सापडल्या होत्या. लाकूड जळून मागे खिळे आणि पितळी नळी उरते. फायबर म्हणजे रेझिनमध्ये बसवलेलं काचेच्या धाग्यांचं कापड. त्यातलं रेझिन जळतं, काळा धूर होतो, आणि आतलं काचेचं कापड तसंच राहतं. एका घडीला तर अजून मानेचा बाक होता. म्हणजे सहा घोडे फायबरचे होते. फोटोही तेच सांगत होते. १९९१ पर्यंतच्या फोटोंत बावीस वेगवेगळे चेहरे. पुढची काही वर्षं आतल्या ओळीत रिकाम्या नळ्या. १९९८ पासून त्या जागी सहा अगदी एकसारखे घोडे, एकाच साच्यातले.

मी परत गेले आणि फोटो अण्णांच्या पुढ्यात ठेवले. ते खूप वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "मना बापनी सहा घोडा इकी टाकात." बहिणीचं लग्न होतं, पिकं गेली होती, मुंबईकडचा जुन्या वस्तूंचा कुणी व्यापारी आला आणि सहा उचलून घेऊन गेला. त्या रात्री वडील जेवले नाहीत. घरात या गोष्टीचा उच्चार पुन्हा कुणी केला नाही, आणि बावीस लाकडी असंच सगळे म्हणत राहिले. पैशासाठी ते खोटं बोलले नव्हते, हे मला त्यांच्या चेहऱ्याकडे पाहून कळत होतं. पण अहवालात चेहरा लिहिता येत नाही. मी सोळा लाकडी आणि सहा फायबर असं लिहिलं, आणि त्यांनी खाली सही केली.

हिशेब थोडक्यात सांगते, कारण तो अनेकांना उपयोगी पडेल. चौकट, मोटर, गिअर, छत आणि घोडे धरून मालाची एकूण किंमत ६ लाख निघाली. भंगार वजा जाता नुकसान ४ लाख ८० हजार. विमा मात्र ३ लाखांचाच, तोही कधीकाळी कर्ज घेताना उतरवलेला आकडा तसाच ओढत आणलेला. निम्म्या किमतीचा विमा असला की भरपाईही निम्मीच, म्हणून २ लाख ४० हजार. छोट्या धंद्यांसाठी १ एप्रिल २०२१ पासून आलेल्या 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा' पॉलिसीत विम्याच्या रकमेतली १५ टक्क्यांपर्यंतची तूट माफ असते. इथे ती ५० टक्के होती. आणि पॉलिसीवर पत्ता होता फक्त त्या शेडचा. आग एकवीरेच्या मैदानात लागली असती तर काहीच मिळालं नसतं. गावोगाव फिरणाऱ्या वस्तूचा विमा तिच्या घरच्या पत्त्यावर उतरवलेला. जत्रेत पोट असलेल्या प्रत्येकाने आपली पॉलिसी आज रात्री काढून पत्त्याचा रकाना वाचावा, एवढी माझी कळकळीची विनंती आहे.

अमळनेरला त्या वर्षी पाळणा लागला नाही. मोहिनी एकादशीच्या रथाला मी गेले होते. बोरीच्या पात्रात बाकीचे पाळणे फिरत होते, आणि एक जागा पाळणेवाल्यांनी आपसांत ठरवून मोकळी ठेवली होती. तिथे एक लहान मुलगा आजोबांना घोडे कुठे गेले म्हणून विचारत होता.

पावसाळ्याआधी अण्णांचा फोन आला. पैसे मिळाले होते, एक सुतार मिळाला होता, लाकूड आणलं होतं. सगळे नाही, पण पहिले चार घोडे करायचे ठरलं. त्यांना ते फोटो हवे होते. मोठे प्रिंट काढून घेऊन गेले. सुतार तरुण, हाताने हळू आणि नजरेने चौकस. त्याने एकेक फोटो उचलून पाहिला, मग सगळे जमिनीवर मांडले आणि म्हणाला, "ताई, यात दुसरी बाजू कुठेच नाही."

खरंच नव्हती. आई-बाप कठड्याबाहेर उभे राहून फोटो काढतात. १४३ फोटोंत प्रत्येक घोड्याची बाहेरचीच बाजू. हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

अण्णा बाजेवरून उठले. चाळीस वर्षं पाळण्याच्या मधोमध, खांबापाशी, दांडा हातात धरून ते उभे राहिले होते. घोडे त्यांच्याभोवती फिरायचे. ते सुताराच्या शेजारी जमिनीवर बसले, पंचकल्याणीचा फोटो हातात घेतला, उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर बोट ठेवलं.

"याना मानवर हिरवा पोपट काढेल व्हता," ते म्हणाले. "लिही ले."