खडी-वाळूकडे पण बघा जरा

काँक्रीट म्हटलं की सगळे सिमेंटच्या ग्रेडवर बोलतात, पण काँक्रीटच्या घनफळातला साधारण ६० ते ७५ टक्के भाग खडी आणि वाळूचाच असतो, मग तिची तपासणी नको का?

खडी हातात घेऊन बघा. चपटी किंवा लांबुळकी जास्त असेल तर मिक्स नीट सरकत नाही, मग कुणीतरी वरून पाणी ओततं आणि तिथेच स्ट्रेंथ जाते. खडी पाणी किती शोषते हेही महत्त्वाचं, कारण कोरडी खडी मिक्समधलंच पाणी पिते आणि ओली असली की उलट पाणी वाढवते, म्हणजे डिझाइनमधला वॉटर-सिमेंट रेशो (सिमेंटच्या वजनाला किती पाणी, ते प्रमाण) कागदावरच राहतो.

वाळूचं तर विचारूच नका. ४-६ टक्के ओलाव्याला कणांभोवती पाण्याचा पातळ थर बसतो, कण एकमेकांपासून दूर होतात आणि वाळू २०-३० टक्के फुगलेली दिसते, बारीक असेल तर अजून जास्त. घमेल्याने मोजलीत तर वाळू कमीच पडणार! मोजपात्रात ओली वाळू भरून उंची बघा, मग पूर्ण पाण्यात बुडवून ढवळा, जेवढी खाली बसेल तो फुगवटा. किंवा सरळ वजनाने मोजा, फक्त ओलाव्याचं वजन वजा करायचं.