पहिले उत्तर कोणाचे?

स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या दृष्टिहीन तरुणांचा एक गट महाराष्ट्राच्या निरनिराळ्या जिल्ह्यांत विखुरलेला आहे आणि रोज संध्याकाळी तो केवळ आवाजाच्या आधारे एकत्र अभ्यास करतो. नागपूरला बँकेत नोकरी करणाऱ्या त्यांच्या समन्वयकांनी मला प्रथम दूरध्वनी केला, तेव्हा त्यांची मागणी सरळ होती. गटाच्या संकेतस्थळासाठी होस्टिंग भाड्याने घेतलेले आहे, तीन वर्षांचे पैसे आगाऊ भरलेले आहेत, जाहिरातीत जागा आणि बँडविड्थ दोन्ही ‘अमर्याद’ असल्याचे म्हटले आहे, तर त्याच होस्टिंगवर बोलण्याचा सर्व्हरही बसवून द्यावा.

पुण्यात लहान संस्थांचे सर्व्हर सांभाळण्याचे काम करताना हा प्रश्न मला अनेकदा ऐकावा लागतो आणि विचारणाऱ्याचे त्यात काही चुकते असे मला वाटत नाही. ‘अमर्याद’ या शब्दाचा दुसरा अर्थ ग्राहकाने तरी का लावावा? परंतु शेअर्ड होस्टिंगमध्ये एकाच यंत्रावर शेकडो संकेतस्थळे नांदत असतात. कोणी पान मागितले की पीएचपी या भाषेतला संगणकीय कार्यक्रम (प्रोग्राम) जागा होतो, पान तयार करून देतो आणि संपतो. आवाजाचा सर्व्हर मात्र अहोरात्र चालू राहावा लागतो, त्याला स्वतःचे पोर्ट, म्हणजे यंत्रात शिरण्याचे क्रमांक दिलेले दार, लागते आणि त्या पोर्टावर टीसीपीबरोबर यूडीपीही (माहिती पाठवण्याच्या या दोन पद्धती) खुले असावे लागते. शेअर्ड होस्टिंगच्या फायरवॉलमध्ये, म्हणजे नको ती रहदारी अडवणाऱ्या यंत्रणेत, वेब आणि ईमेल यांच्यापलीकडची पोर्टे सहसा बंदच असतात, आणि कोणी एखादा कार्यक्रम पार्श्वभूमीला सतत चालू ठेवलाच, तर मर्यादा ओलांडली म्हणून यंत्रणा तो बंद करते. हे सगळे ऐकून समन्वयक हसून म्हणाले, “म्हणजे जागा अमर्याद, पण उभं राहायला मनाई!” संकेतस्थळ जागच्या जागी ठेवून बोलण्यासाठी एक लहान व्हीपीएस, म्हणजे मोठ्या यंत्रातला आपल्यापुरता राखून ठेवलेला आभासी सर्व्हर, वेगळा घ्यावा, असे ठरले.

तो मुंबईतील डेटा सेंटरमध्ये घ्यावा, असा आग्रह मी धरला. युरोपातला व्हीपीएस स्वस्त मिळत होता, पण प्रकाशदेखील काचतंतूतून सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटरच जातो आणि समुद्राखालच्या केबलींचा मार्ग काही सरळ नसतो. युरोपात जाऊन परत यायला पॅकेटला, म्हणजे माहितीच्या एका तुकड्याला, शंभर मिलिसेकंदांहून अधिक वेळ सहज लागतो. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या जी.११४ या शिफारशीनुसार एका दिशेचा विलंब दीडशे मिलिसेकंदांच्या आत असला, तर बहुतेक संभाषणांना बाधा येत नाही. अभ्यासवर्गाला युरोपही चालला असता. मात्र या गटाला प्रश्नमंजूषेची भारी हौस होती, आणि त्यांचा नियम असा की जो स्वतःचे नाव आधी पुकारेल त्याने उत्तर द्यायचे.

सर्व्हरसाठी मम्बल निवडले. २००५ पासून उपलब्ध असलेले हे मुक्त सॉफ्टवेअर आहे, त्याचे पोर्ट ६४७३८, आणि ते एक जीबी मेमरीच्या यंत्रावर निवांत चालते. एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचणारे सॉफ्टवेअर, वापरणाऱ्यांना त्यातली बहुतेक कामे केवळ कीबोर्डवरून करता येतात. आवाज कमी माहितीत बसवणाऱ्या ओपस कोडेकमुळे स्वच्छ आवाजासाठी सेकंदाला चाळीस किलोबिट पुरतात. पॅकेटांची वेष्टणे धरूनही एका व्यक्तीचे अखंड तासभराचे बोलणे ऐकायला सुमारे २५ एमबी खर्च होतात. मोबाइलच्या स्वस्त पॅकवर भागवणाऱ्या मुलांच्या दृष्टीने हा हिशेब इतर सगळ्या गुणांहून मोठा होता.

स्पर्धा ४ जानेवारीला ठेवली होती. लुई ब्रेल यांचा जन्म १८०९ मध्ये याच तारखेला झाला आणि २०१९ पासून संयुक्त राष्ट्रे हा जागतिक ब्रेल दिन म्हणून पाळतात. संध्याकाळी सर्व्हरवर साठच्या आसपास माणसे आली. समन्वयकांचे प्रास्ताविक झाले, सर्वांनी टाळ्या वाजवल्या, कोणी ‘वा वा’ म्हणाले, आणि ‘आधी नाव पुकारा’ ही फेरी सुरू झाली.

काही प्रश्न होतात न होतात तोच साताऱ्याच्या एका स्पर्धक तरुणीने हरकत घेतली. “सर, मी आधी बोलले होते,” असे ती ठामपणे सांगत होती. मग ठाण्याहून तशीच तक्रार आली, त्यापाठोपाठ पुण्याहून. प्रश्न विचारणाऱ्या प्राध्यापकांना मात्र या तिघांची नावे दर वेळी उशिरा, आणि तीही शब्द अडकून मग एकदम सांडावेत तशी, ऐकू येत होती. मी सर्व्हरवर लक्ष ठेवून बसलो होतो. प्रोसेसर जवळजवळ रिकामा होता, मेमरी भरपूर होती, त्याच यंत्रावरच्या दुसऱ्या भाडेकरूंनी आमचा वेळ खाल्ल्याचेही दिसत नव्हते. चकित करणारी गोष्ट वेगळीच होती. तक्रार करणारे सगळे घरच्या ब्रॉडबँडवर होते, आणि ज्यांचा आवाज स्वच्छ व वेळेवर पोहोचत होता ते गडचिरोली आणि बीडकडच्या खेड्यांतून मोबाइलवर बोलत होते. नेटवर्कच्या कामात मोबाइल सरस आणि तारेची जोडणी निकृष्ट, असा अनुभव सहसा येत नाही.

धागा त्या साताऱ्याच्या तरुणीनेच दिला. मम्बलमध्ये प्रत्येक घडामोडीचा संदेश मोठ्याने वाचून दाखवण्याची सोय आहे; डोळस माणसे ती पहिल्याच दिवशी बंद करतात आणि खिडकीच्या कोपऱ्यात सरकणाऱ्या ओळींकडे फिरूनही पाहत नाहीत. ती म्हणाली, “दादा, टाळ्या संपल्यावर थोड्याच वेळात मम्बल म्हणालं होतं, यूडीपी पॅकेट्स कॅनॉट बी सेन्ट टू ऑर रिसीव्ह्ड फ्रॉम द सर्व्हर, स्विचिंग टू टीसीपी मोड. त्याचा काही संबंध असेल का?” आपल्याला शब्दही सुटे करता येणार नाहीत इतक्या वेगाने तिचे यंत्र बोलते, तरी तिने तो संदेश जसाच्या तसा सांगितला आणि वर वेळही सांगितली.

संबंध होता, आणि थेट होता. मम्बल नियंत्रणाचे संदेश टीसीपीवरून आणि आवाज यूडीपीवरून पाठवते. यूडीपीमध्ये एखादे पॅकेट हरवले तर ते हरवले. कोडेक ती क्षुल्लक फट भरून काढतो आणि बोलणे पुढे जाते. यूडीपीची वाटच बंद झाली, तर मम्बल आवाज टीसीपीच्या जोडणीतून नेऊ लागते. टीसीपीला मात्र क्रम मोडलेला खपत नाही. एक पॅकेट हरवले की ते पुन्हा येईपर्यंत मागची सगळी पॅकेटे खोळंबतात आणि मग लोंढ्याने पोहोचतात. संभाषण तुटत नाही, म्हणून ही सोय चांगलीच म्हणायची. परंतु तिच्यामुळे बिघाड झाकला जातो, हेही तितकेच खरे. आवाज पुरता बंद पडला असता तर आम्ही पहिल्याच मिनिटाला कारण शोधायला लागलो असतो, येथे मात्र स्पर्धकांच्या प्रामाणिकपणावर शंका येण्याची वेळ आली होती.

सर्व्हरवर टीसीपीडम्प हे पॅकेटे टिपणारे साधन चालवून येणारी पॅकेटे पाहिली. इंटरनेटवरचे पत्ते दोन पद्धतींचे असतात, जुनी आयपीव्ही४ आणि नवी आयपीव्ही६. आयपीव्ही६ वरून यूडीपीची पॅकेटे सुरळीत येत होती, आयपीव्ही४ वरून एकही नव्हते. मोबाइलवाल्यांचे कोडे तिथेच सुटले, कारण त्यांच्या नेटवर्कवर आयपीव्ही६ होते, तर या घरगुती जोडण्यांवर केवळ आयपीव्ही४. आमच्या फायरवॉलमध्ये कोणताही बदल झालेला नव्हता, त्याअर्थी पॅकेटे आमच्यापर्यंत पोहोचण्यापूर्वीच कोणीतरी अडवत होते.

मी समन्वयकांना शर्यतीची फेरी थांबवून आळीपाळीने उत्तरे देण्याच्या फेऱ्या आधी घेण्यास सुचवले. त्यांत अर्धा सेकंद इकडेतिकडे झाल्याने कोणाचे नुकसान होत नाही. तोवर होस्टिंग कंपनीकडे तक्रार नोंदवली, तिला टीसीपीडम्पचे निष्कर्ष जोडले आणि व्हीपीएसच्या पॅनेलमधला रहदारीचा आलेख उघडला. बाहेर जाणाऱ्या पॅकेटांचा एक उंच सुळका त्यात दिसला, आणि त्याची वेळ टाळ्यांची होती.

मम्बलचा सर्व्हर आवाजांचे मिश्रण करत नाही. प्रत्येक बोलणाऱ्याचे पॅकेट तो इतर प्रत्येकाला वेगळे पाठवतो आणि मिश्रण ऐकणाऱ्याच्या यंत्रावर होते. वीस मिलिसेकंदांना एक, म्हणजे माणशी सेकंदाला पन्नास पॅकेटे. एक जण बोलत असतो तेव्हा साठ जणांच्या सभेत सेकंदाला तीन हजारांच्या आत पॅकेटे बाहेर पडतात. साठही माइक एकाच वेळी उघडले, तर ६० गुणिले ५९ गुणिले ५०, म्हणजे १,७७,००० पॅकेटे. प्रत्येकी दीडशे बाइटच्या आतबाहेर, सगळी यूडीपी, एका यंत्रातून एकदम अनेक पत्त्यांकडे. बाहेरून पाहणाऱ्या यंत्रणेला हे यंत्र कोणावर तरी हल्ला करत असल्यासारखे दिसले, तर तिला दोष देता येणार नाही. कंपनीच्या उत्तरातही तेच होते. पॅकेटांचा पूर लोटून केले जाणारे हल्ले रोखणाऱ्या स्वयंचलित यंत्रणेने आमच्या आयपीव्ही४ पत्त्यावरचे यूडीपी रोखले होते. आयपीव्ही६ वर ती यंत्रणा लावलेलीच नव्हती. माझे एवढेच म्हणणे आहे की असा अडथळा घालताना ग्राहकाला एक ओळीचा ईमेल तरी जायला हवा होता.

तासाभराच्या आत अडथळा निघाला आणि साताऱ्याहून लगेच निरोप आला की मम्बल पुन्हा यूडीपीवर गेल्याचे सांगत आहे. तोपर्यंत मी मम्बलवरच्या आमच्या आभासी सभागृहाच्या परवानग्या बदलल्या होत्या. बोलण्याचा अधिकार स्पर्धक आणि प्रश्नकर्ते यांनाच ठेवला, श्रोत्यांचे माइक सर्व्हरनेच दाबून धरले. एका पॅकेटमध्ये वीसऐवजी चाळीस मिलिसेकंदांचा आवाज भरला असता, तर पॅकेटांची संख्या निम्मी झाली असती. पण त्याने विलंब वाढतो, आणि ज्या फेरीत सगळा निकाल वेळेवर ठरतो तेथे हा सौदा मला मान्य नव्हता. शर्यतीची आधीची फेरी रद्द करून ती शेवटी पुन्हा घेण्यात आली.

या गोंधळानंतर समन्वयकांनी मला विचारले की आता तरी ही फेरी पूर्ण न्याय्य म्हणता येईल का. मी नाही म्हटले. सगळे यूडीपीवर असले, तरी बीडचा मोबाइल आणि पुण्याचे ब्रॉडबँड यांच्या विलंबात काही मिलिसेकंदांचा फरक राहतोच आणि तो सर्व्हर भरून काढत नाही. त्यांनी फेरी बंद केली नाही, नियमात एक भर घातली: दोन नावे एकमेकांवर आदळली, तर तो प्रश्न बाद करून त्या दोघांना एकेक नवा प्रश्न विचारायचा.