सीबीसीटीवर दात मोजताना: माझा अनुभव

सीबीसीटीच्या (म्हणजे दात-जबड्याच्या त्रिमितीय एक्स-रे स्कॅनच्या) सॉफ्टवेअरमध्ये पट्टी ओढली की आकडा येतो, समजा २२.४७ मिमी. दशांश चिन्हापुढची दोन घरं बघून माणूस निर्धास्त होतो. स्कॅन ०.२ मिमी व्हॉक्सेलचा (व्हॉक्सेल म्हणजे त्रिमितीय प्रतिमेचा सगळ्यात लहान ठोकळा) असेल तर त्यातल्या शेवटच्या ७ ला काडीचा अर्थ नसतो. मी नोंदीत एकच घर ठेवतो.

माझ्याकडचं बरंचसं मोजमाप एकाच प्रश्नासाठी असतं. ब्रेसेस लावण्याआधी आणि काढल्यानंतर वरच्या पटाशीच्या दातांचं मूळ किती आखूड झालं? या कामाला ओपीजी, म्हणजे सगळ्या दातांचा एकत्र सपाट एक्स-रे, चालत नाही. त्यात प्रतिमा साधारण २० ते ३० टक्के मोठी येते आणि ती वाढही सगळीकडे सारखी नसते. पुढचे दात थोडे ओठाकडे किंवा टाळूकडे सरकले की आकडाही सरकतो.

आधी फाइल बघायची. डायकॉमच (स्कॅनची मूळ डिजिटल फाइल) मागवायची, रिपोर्टातल्या चित्रावर किंवा छापील फिल्मवर पट्टी लावायची नाही. उघडल्यावर व्हॉक्सेलचं माप तपासायचं, कारण कधीकधी स्कॅन ०.१५ ने घेतलेला असतो आणि फाइल हलकी व्हावी म्हणून एक्स्पोर्ट ०.३ ने केलेला असतो. आधीचा आणि नंतरचा स्कॅन वेगवेगळ्या व्हॉक्सेलचे असतील तर तुलनेतला काही फरक निव्वळ त्यामुळेच येतो. त्यानंतर कवटीच्या आणि जबड्याच्या कडा बघतो. कड दुहेरी दिसली तर पेशंट हललेला आहे. अशा स्कॅनमध्ये व्हॉक्सेल कितीही बारीक असला तरी उपयोग नाही.

खरी चूक होते ती अक्षात. वरचे पुढचे दात ओठाकडे कललेले असतात आणि सॉफ्टवेअर उघडतं ते सरळ उभ्या-आडव्या छेदांत. पातळ स्लाइसवर मोजलं तर मुळाचं टोक त्या छेदातून बाहेर निसटतं आणि दात आखूड दिसतो. जाड स्लाइस घेतली तर टोक दिसतं, पण तिरकी लांबी सपाट होऊन पडते. २२.५ मिमीचा दात १५ अंश कललेला असेल तर सावली पडते २१.७ मिमीची. पाऊण मिलिमीटर गेला, आणि मूळ मात्र जागच्या जागी शाबूत.

म्हणून क्रम ठरलेला आहे. आडव्या छेदात दाताच्या मानेजवळ जाऊन क्रॉस (तिन्ही छेद जिथे छेदतात ती फुली) पल्पच्या, म्हणजे दाताच्या आतल्या मऊ गाभ्याच्या, मधोमध आणायचा. तिथे रेषा फिरवून ओठाकडून टाळूकडे जाणारा छेद पकडायचा. त्या छेदात अक्ष दाताच्या धारेच्या मध्यापासून मुळाच्या टोकापर्यंत झुकवायचा. मग तिसऱ्या छेदात बघायचं. तिथे टोक बाजूला गेलेलं दिसलं तर पुन्हा पहिल्यापासून. स्लाइस एका व्हॉक्सेलएवढी पातळ ठेवायची. थ्रीडी स्लायसरसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये दोन्ही बिंदू त्रिमितीत ठेवून अंतर घेता येतं, तेव्हा कलण्याची चूक उरत नाही. बिंदू मात्र प्रत्येक वेळी तिन्ही छेदांच्या खिडक्यांत तपासूनच ठेवावे लागतात. मधल्या दाताशेजारच्या लॅटरलचं टोक बरेचदा सुळ्याच्या बाजूला वाकलेलं असतं. तिथे सरळ रेषा घ्यायची की वळणाने मोजायचं, हे एकदाच ठरवून लिहून ठेवायचं.

आता बिंदू. दाताची धार घासली जाते, म्हणून नुसती पूर्ण लांबी पुरत नाही. इनॅमल संपून मूळ सुरू होतं तिथपासून टोकापर्यंत वेगळं मोजावं लागतं. ही सीमा सरळ नाही. वरच्या मधल्या दातावर ओठाच्या बाजूने ती मुळाकडे उतरते आणि दोन दातांच्या मध्ये धारेकडे चढते. मध्यरेषेच्या बाजूची ही कमान साधारण ३.५ मिमी असते. पहिल्या स्कॅनवर ओठाची बाजू धरली आणि दुसऱ्यावर दोन दातांच्या मधली, तर मुळाची लांबी काही मिलिमीटरने बदलते, आणि कागदावर ते ब्रेसेसच्या नावावर जमा होतं! मी ओठाची आणि टाळूची अशा दोन्ही बाजूंच्या सीमा घेतो, त्यांना जोडणाऱ्या रेषेच्या मध्यापासून टोकापर्यंत मोजतो. तिथे इनॅमल चाकूच्या पात्यासारखं पातळ होत जातं, त्यामुळे ते संपलेलं दिसतं त्याच्या थोडं पुढेच खरं संपलेलं असतं.

टोकाशी अडचण वेगळी. मूळ आणि हाड यांच्यातली फट जेमतेम ०.२ मिमीची. व्हॉक्सेल ०.३ चा असेल तर ती अर्धवट पुसली जाते आणि मूळ हाडात मिसळून जातं. मग डोळा टोक ‘ओळखतो’, म्हणजे अंदाज करतो. ब्राइटनेस-कॉन्ट्रास्ट बदलला तरी टोक मागे-पुढे होतं, म्हणून ब्राइटनेस-कॉन्ट्रास्टचे आकडे लिहून ठेवायचे आणि दोन्ही स्कॅन त्याच आकड्यांवर बघायचे. वेगवेगळ्या मशीनचे स्कॅन असतील तर एवढंही पुरत नाही. सीबीसीटीची ग्रे व्हॅल्यू (प्रत्येक व्हॉक्सेलच्या उजळपणाचा आकडा) साध्या सीटीच्या हाउन्सफील्ड आकड्यांसारखी, म्हणजे घनतेच्या ठरावीक मापासारखी, भरवशाची नसते.

स्कॅनमधून एकच दात वेगळा करून थ्रीडी मॉडेल करायचं असेल तेव्हा थ्रेशोल्डचा (किती उजळपणापासून पुढे दात धरायचा, त्या आकड्याचा) हाच खेळ रंगतो. तो चढवला की दात चहूबाजूंनी सोलला जातो. प्रत्येक बाजूला ०.२ मिमीचा एक व्हॉक्सेल गेला तर रुंदीत ०.४ मिमीची तूट. मी कडेच्या आतली आणि बाहेरची ग्रे व्हॅल्यू घेऊन त्यांच्या मधोमधच्या आकड्यावर थ्रेशोल्ड लावतो. स्कॅन घेताना वरचे-खालचे दात चिकटलेले नसावेत, मध्ये कापसाचा रोल हवा. नाहीतर दाढांचे उंचवटे एकमेकांत मिसळतात आणि ते हाताने सोडवण्यात संध्याकाळ जाते.

भरवसा किती, हे काढायला पेशंटचा स्कॅन पुन्हा घ्यायचा नसतो, मोजमाप पुन्हा घ्यायचं असतं. दोन आठवड्यांनी, पहिले आकडे न बघता, अक्ष पुन्हा पहिल्यापासून लावून. जुनाच अक्ष सेव्ह केलेला उघडला तर चूक खोटीच लहान दिसते. मग मोजमापाची चूक काढणारं डालबर्गचं सूत्र: प्रत्येक दाताच्या दोन मापांतल्या फरकाचा वर्ग, त्यांची बेरीज, भागिले दातांच्या संख्येची दुप्पट, आणि वर्गमूळ. दहा दातांची बेरीज ०.८० आली तर ०.८० भागिले २०, म्हणजे ०.०४, वर्गमूळ ०.२ मिमी. छान वाटतं. पण दोन स्कॅनच्या तुलनेत दोन्हीकडची चूक येते, म्हणून ९५ टक्के खात्रीसाठी ०.२ ला २.७७ ने गुणलं की ०.५५. म्हणजे मूळ ०.४ मिमीने आखूड झालं, असं या हाताने म्हणता येत नाही. फक्त आयसीसी (दोन वेळची मापं किती जुळतात ते सांगणारा आकडा, १ म्हणजे पूर्ण जुळणी) ०.९८ आला म्हणून खूश होणारे इथेच फसतात: लहान-मोठे दात एकत्र मोजले की तो आकडा आपसूक चढतो.

दातांची रुंदी सीबीसीटीवरून घेणं मला पटत नाही. शेजारचे दात टेकतात तिथे इनॅमल एकजीव दिसतं आणि सीमा आपणच पाडतो. बोल्टनच्या प्रमाणासाठी (खालच्या दातांच्या रुंदीची बेरीज वरच्यांच्या किती टक्के: पूर्ण ९१.३, पुढच्या सहांचं ७७.२) वरच्या बारा दातांची बेरीज करताना प्रत्येकी ०.२ मिमी एकाच दिशेने चुकलं, तर २.४ मिमी होतात. त्याला तोंडातला स्कॅनर किंवा प्लास्टरचा साचा आणि व्हर्निअर बरा.

धातूची कॅप किंवा चांदी भरलेली दाढ शेजारी असली की काळे पट्टे नेमके मानेवरून जातात. तिथे तिन्ही खिडक्यांत सीमा सापडली नाही, तर त्या दाताच्या रकान्यात मी आकडा लिहीत नाही. ‘कड दिसत नाही’ असं लिहून पुढच्या दाताकडे वळतो.